बिराप्पामामांची हाक

"हाक न्हाय मारनार म्या," बिराप्पामामा म्हणाले आणि दोन्ही हात छातीवर धरून माळावर उभे राहिले.

मला राग आला. त्यांची बायपास होऊन दहा आठवडे झालेले. छातीचं हाड जुळलं होतं, चालणं झकास होतं. मी फिजिओथेरपिस्ट, दर गुरुवारी भूमहून त्यांचा व्यायाम घ्यायला येत होते, ते काय माळावरची हवा खायला? हाक मारल्याशिवाय मेंढरं राखता येत नाहीत, म्हणून उद्या व्यापारी येऊन सगळा कळप नेणार होता. आणि कळप गेला तर हा माणूस अंथरूण धरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"हाक मारून छाती उसवत नसते, मामा. कितींदा सांगू?"

"छातीचं भ्या न्हाय, हर्षालीताई. डाक्टर म्हनला, दोन तास काळीज बंद व्हतं. तवा म्या कुठं व्हतो?"

"मशीन रक्त फिरवत होतं."

"ते रगताचं झालं. माजं सांगा."

त्यांच्या मागं धुरपदामामी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांचं ध्यान सारखं त्या कडूलिंबाकडं. काळजात कळ आली तवा तितंच पडले व्हते. म्हनत्यात, आर्धा म्या तितंच ऱ्हायलो, हाक मारली तर मेंढरं कुनाकडं जातील?"

भीती कुरवाळत बसलं की ती वाढते, एवढं मला शिकवलं होतं.

"तळवे छातीवर दाबा, श्वास घ्या आणि मारा हाक. मी आहे इथं."

त्यांनी मारली. आवाज घोगरा, फाटका. चरणाऱ्या सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या आणि ती आमच्याकडं धावत सुटली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मेंढरं आमच्या शेजारून पुढं गेली. कुणी थांबलं नाही. थेट लिंबाखाली जाऊन गोल करून उभी राहिली, डोकी आत घालून. मधोमध जागा मोकळी, एक माणूस मावेल एवढी. वारा पडलेला. एकही मेंढी ओरडेना.

मामींनी माझा दंड घट्ट धरला.

मामा मात्र चालायला लागले. पाय अडखळला नाही. लिंबाजवळ पोचल्यावर वळून म्हणाले, "व्यापाऱ्याला यिऊ नगं म्हनावं. हितं राखनारं हाय कुनीतरी. म्या बी ऱ्हातो सोबतीला."

मेंढरांनी वाट दिली. मामा त्या मोकळ्या जागेत बसले. अंग चोरून, एका कडेला, अर्धी जागा सोडून.