वय वर्षे अठरा

"अण्णा, ही तारीख माझी न्हाय," कमलम्मा म्हणाली आणि मीच टाइप केलेलं पत्र तिनं माझ्यापुढं ठेवलं.

पत्र नेहमीचंच होतं. एकतीस मे रोजी आपल्या वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होत असल्याने आपण सेवानिवृत्त होत आहात, कारखाना आपला आभारी आहे. अशी पत्रं मी आजवर शेकड्यानं लिहिली. नाव तेवढं बदलायचं.

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. तेलुगू शाळेचा दाखला, सातवी पास.

"आई गेली तवा तिच्या ट्रंकेत घावला. बगा की. जानेवारीतली हाय मी, गड्ड्याच्या जत्रंच्या दिसांतली. पंचावन्नच झालेत. मला अजून तीन वर्सं हायेत."

"हो," मी म्हणालो.

"भुवनेश्वरी आत्ता नर्सिंगला लागलीय. तीन वर्सं शिकायचंय नातीला. तिला आई न्हाय, बाप असून नसल्यावानी. तेवढी तीन वर्सं द्या अण्णा, मग मी सोताच जाते. पाय बी लई दुखतात आता."

ती तारीख कुणी लिहिली, हे तिनं विचारलं नाही. तिला ते ठाऊक होतं.

चाळीस वर्षांपूर्वी, या चादरीच्या कारखान्यात नव्या माणसांची नोंदवही भरायचं काम माझ्याकडंच होतं. कमलम्माला तिची आई घेऊन आली होती. बाप त्याच उन्हाळ्यात वारलेला. पोरगी परकर-पोलक्यात, हाडकुळी, माझ्या टेबलावरच्या दौतीकडं बघत उभी. वय विचारलं तर आई खरं ते बोलून गेली, "पंधरा." अठराच्या आतलं माणूस घ्यायचं नाही, असा थोरल्या मालकांचा नियम होता. मी पेन उचलून थांबलो. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, वाचनालयातल्या कादंबऱ्या टेबलाच्या खणात ठेवून वाचणारा. लोकांची दुःखं मला पुस्तकांतून कळत, आणि म्हणूनच कदाचित ती आपल्याला फार कळतात असं वाटे. ज्यांच्यापाशी कागद नसे त्यांना मी सरसकट एक जून ही जन्मतारीख लावायचो. तिलाही लावली, साल मागं नेलं, आणि लिहिलं, 'वय वर्षे अठरा पूर्ण.' आईनं माझे पाय धरले. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेलो. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं असं वाटायचे दिवस माझ्या आयुष्यात थोडेच आहेत. तो त्यातला एक.

पुढं त्या नोंदीवरून तिचं ओळखपत्र झालं, ओळखपत्रावरून आधार, आणि आधारावरून बाकी सगळं.

"मी बोलतो मालकांशी," मी तिला म्हणालो.

चार दिवस गेले. रोज सकाळी काय बोलायचं ते मनात जुळवून मी केबिनपर्यंत जायचो आणि हजेरीचं काहीतरी विचारून परत यायचो. पाचव्या दिवशी कमलम्माच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मग आम्ही दोघं आत गेलो.

इंद्रजीत हा थोरल्या मालकांचा नातू. तिशीतला, वागायला सभ्य. त्यानं दाखला पाहिला, मग जुनी नोंदवही मागवली.

"काका, अक्षर तर तुमचं आहे."

"हो."

"तुम्ही मनानं अठरा लिहिलंत, की यांनी सांगितलं म्हणून?"

मी वहीतल्या त्या ओळीकडं बघत राहिलो.

"हे बघा, तुम्ही मनानं लिहिलं असेल तर तसं लिहून द्या. मी वकिलांशी बोलून यांना ठेवून घेतो. पण मग तुमचा करार मला जूनमध्ये पुढं चालू ठेवता येणार नाही. तपासायला कुणी आलं तर काय सांगू? आणि यांनीच खोटं सांगितलं असेल तर माझा नाइलाज आहे."

मलाही अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोप दिला होता. दुसऱ्याच दिवशी परत बोलावलं, कारण जुन्या वह्या माझ्याशिवाय कुणाला उलगडत नाहीत. त्यालाही आता आठ वर्षं झाली.

मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता, तरी पुसत राहिलो.

"आईनं सांगितलं हुतं, मालक," कमलम्मा म्हणाली. "अठरा म्हनून. अण्णांनी ऐकलं तसं लिवलं."

इंद्रजीतनं वही मिटली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "कमलम्मा, असं का बोललीस?"

"मग काय बोलनार? तुमी तर चष्माच पुसत बसला." ती थोडी हसली. "खुर्ची गेली तर तुमी कुटं बसनार, अण्णा? ना बायको, ना पोरं. मला घरात धा कामं हायेत."

त्या दुपारी मी चार ओळी लिहिल्या. 'सदर नोंद मी स्वतःच्या मनाने केली.' खाली सही केली, कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर रोज शर्ट बदलला की तो कागद नव्या शर्टाच्या खिशात जायचा.

शेवटच्या दिवशी पॅकिंग खात्यात चहा-चिवडा झाला. तिथला मुकादम पीरसाब उभा राहिला.

"कमलम्मा चालल्या. आता जुन्यातले अण्णा तेवढे राहिले. आन् अण्णांना कोन हलवनार? कारखाना पाडला तरी ढिगाऱ्यात अण्णा खुर्चीवर बसलेलेच सापडतील!"

सगळे हसले. मीही हसलो.

जाणाऱ्या माणसाला कारखान्याची एक चादर द्यायची इथं रीत आहे. इंद्रजीतनं ती दिली, टाळ्या झाल्या. कमलम्मानं ती चेकिंगच्या टेबलावर पसरली. कदाचित तिला नुसती बघायची असेल, पण हात ऐकेनात. चाळीस वर्षं चादरी तपासायच्या सवयीनं तळवा काठावरून फिरत गेला आणि एका कोपऱ्याशी थांबला. तिथला ताण्याचा धागा तुटलेला होता. निरोपाच्या चादरी दोष निघालेल्या ढिगातून काढतात, हे खात्यात सगळ्यांना माहीत होतं. त्या ढिगात ही चादर बहुधा तिनंच टाकलेली असणार.

तिनं कमरेचा खडू काढला आणि दोषाभोवती गोल केला.

"ऱ्हाऊ द्या, दुसरी देतो," पीरसाब खाली बघत म्हणाला.

"कशाला? ऊब तेवढीच देती की."

मी खिशात हात घातला. कागद बोटांना लागला. इंद्रजीत माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. मी हात तसाच आत ठेवला.

कमलम्मानं चादर उचलली, खडूची खूण आतल्या बाजूला जाईल अशी दुमडली, पुन्हा दुमडली. चारी काठ एकावर एक बसले. तिनं वरून एकदा तळहात दाबून फिरवला. मग खडूचा उरलेला तुकडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले.