हिरवं पाणी

गाडी घेतली तेव्हा श्रेया जन्मलीही नव्हती. आता श्रेया चार वर्षांची, गाडी नऊ वर्षांची, आणि दोघींचा कुठला आवाज रोजचा अन् कुठला नवा, हे तनुजाला झोपेतसुद्धा कळायचं.

श्रेयाला चौदाव्या महिन्यात तापात झटका आला होता. नवरा, अतुल, वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीवर. सासरे तेव्हा गावी. तनुजानं पोरीला गाडीत शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि उस्मानपुऱ्यातून सिडकोतल्या डॉक्टरांपर्यंत गाडी कशी नेली, हे तिला आजही नीट आठवत नाही. पोरगी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत ताप जपा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे गाडीनंही तोवर टिकायला हवं होतं. एवढीच तिची अट. मागची काच अर्ध्यात अडकते, एसी फुंकर मारल्यासारखा चालतो, बंपरला दोरी आहे, याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. गाडी तेवढी फाटकाकडं तोंड करून लावायची आणि पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ द्यायचं नाही.

मार्चमध्ये इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. जालना रोडवर दोन सिग्नल लागले की लाल पट्टीकडं सरकायचा. मग भर उन्हात हीटर लावायचा, म्हणजे इंजिनाची गरमी आत येते आणि काटा जरा खाली उतरतो. श्रेया घामानं निथळायची. दोन गॅरेजवाल्यांनी पंखा बदलला, आणखी काहीबाही बदललं, काटा आपला तसाच. अतुल वैतागून म्हणाला, विकून टाकू, दिवाळीला दुसरी बघू, तोवर रिक्षा आहेच की. झटका काही रिक्षाची वाट बघत थांबत नाही, हे तनुजानं त्याला किती वेळा सांगायचं?

शेवटी ती सर्जेरावांकडं गेली. म्हातारा मेकॅनिक, चिडका, पण कामात खोट नाही. इंजिन गार होईपर्यंत त्यांनी तिला ताटकळत बसवलं, मग रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं. बोट विटकरी होऊन बाहेर आलं.

"ताई, इंजिन गार ठेवायचं कुलंट यात नावालाबी नाय. निस्तं पाणी हाय, गंजलेलं. कोण भरतं वो?"

तनुजाच्या डोळ्यांपुढं सासरे उभे राहिले. नळ येतो त्या पहाटे, हातात तांब्या घेऊन, बॉनेटपाशी. ते काच पुसतात असं तिला वाटायचं. उलट बरंच वाटायचं, कुणीतरी आपण होऊन करतंय म्हणून.

गाडी दोन दिवस ठेवा, म्हणाले सर्जेराव. जाळी सगळी क्षारानं बुजलीय, अजून महिनाभर चालवली असती तर इंजिनच बसलं असतं.

घरी येईपर्यंत तिनं चार-पाच वाक्यं मनात घोटून ठेवली. चांगली टोकदार. सासरे, रामकिसनमामा, ओसरीत लसूण सोलत बसले होते. तिनं विचारलं, आणि त्यांनी लपवण्यासारखं काही केलंच नव्हतं, त्यामुळं कौतुकानं सगळं सांगितलं. जन्मभर त्यांनी पैठणकडच्या शेतात विहिरीवरचं डिझेल इंजिन चालवलं होतं. त्या इंजिनाला गार ठेवायला विहिरीचंच पाणी फिरायचं, त्यात वेगळं काय घालायचं? इथं शहरात मात्र नळ आठव्या दिवशी. ड्रममधलं शेवटचं पाणी हिरवट पडतं, ते झाडांना घालायचं आणि ड्रम घासून नवं भरायचं, हे त्यांचंच काम. दिवाळीच्या आधी त्यांनी गाडीचं झाकण उघडून पाहिलं, तर आत तसंच हिरवं पाणी. खालचा पाइप सोडून सगळं काढून टाकलं. तेव्हापासून नळ आला की पहिला तांब्या गाडीला.

"आपल्या श्रेयाला न्यायची गाडी हाय ती," ते म्हणाले. "नासकं पाणी ठेवावं व्हय तिच्यात?"

तनुजाची घोटलेली वाक्यं इथं कामाची नव्हती. ती खाली बसली.

"मामा, ते नासलेलं नव्हतं. गाडीचं औषध असतं ते. हिरवंच येतं."

सोललेली पाकळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

"म्हंजे म्या औषध ओतून दिलं."

असू द्या, एवढं तरी तिनं म्हणायला हवं होतं. पण मामा म्हणाले ते खोटंही नव्हतं.

गाडी घरी आली. पुढच्या नळाला मामांनी ड्रम भरले, घागरी भरल्या, पण गाडीला वळसा घालून फिरले. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आता कुणी हात लावणार नाही म्हणून तनुजा निर्धास्त झाली, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी श्रेया तापली. औषध पाजून अर्धा तास झाला तरी अंग चटकेच देत होतं. अतुल कंपनीत. तनुजानं किल्ली घेतली. मामा दारात उभे होते, पुढंही येईनात, मागंही जाईनात.

"बसा मामा. मांडीवर घ्या तिला."

क्रांती चौकात गर्दी तुंबली होती. मामांनी ओला रुमाल पोरीच्या कपाळावर दाबून धरला होता.

"काटा?" त्यांनी विचारलं.

"मधी आहे."

आकाशवाणीच्या सिग्नलला पुन्हा विचारलं. पुन्हा मधी. नंतर त्यांनी विचारायचं सोडलं. तनुजानं आरशात पाहिलं, तर ते मान लांब करून तिच्या खांद्यावरून काट्याकडं एकटक बघत होते, पापणी न लववता. इतकी वर्षं तिनं एका डोळ्यानं रस्ता पाहिला होता, दुसऱ्यानं काटा आणि पोरगी. आज ती नुसता रस्ता बघत राहिली.

झटका आला नाही. दवाखान्यापाशी गाडी थांबली तशी श्रेयानं कुरकुरत पाणी मागितलं. मामा तिला खांद्यावर घेऊन उतरले, दारापर्यंत गेले आणि परत आले. तनुजा स्टिअरिंग धरून तशीच बसली होती. इंजिन चालूच होतं.

"बंद कर पोरी," ते खिडकीशी वाकून म्हणाले. "उतर आता. आलो आपण."