तला

मलहाने रव्याची भाकरी खापरावर उलटली आणि सुनेकडे न बघताच म्हणाली, "मेझियानचा फोन येईल आता. सगळे जमलेत. तलाच ठेवायचं ना?"

ऊनिसा बाळाला थोपटत राहिली. मुलीचं नाव नवऱ्याने, मेझियानने, दुबईहून कळवलं होतं. त्यांच्या डोंगरी बोलीत तला म्हणजे झरा. गावाखालच्या झऱ्यालाही सगळे तलाच म्हणत. तिथं पाण्याला बायका जात. पुरुषांनी त्या वाटेला फिरकायचं नाही, हा डोंगरातला रिवाज. जन्मात झरा धड न पाहिलेल्या माणसाला त्याचा एकाएकी एवढा पुळका कुठून आला, हे तिला कळत नव्हतं.

त्यातून चुलतभावाने सांगितलं होतं की इराणी लोकांच्या भाषेत तला म्हणजे सोनं. त्या शब्दाचा झऱ्याशी काडीचा संबंध नाही. तिकडे ते बायकांचं नावही असतं. गेल्या वर्षी मेझियान फोनवर सहज बोलून गेला होता, ऑफिसातल्या तलाने केशरभात दिला म्हणून. त्यानंतर ते नाव त्याने पुन्हा कधी काढलं नाही. तेच तिला डाचत होतं.

"आई," ती शेवटी म्हणाली, "हे नाव झऱ्याचं नाही."

"मग कुणाचं?"

ऊनिसाने सगळं सांगून टाकलं. सासू लेकाचीच बाजू घेणार, वर आपल्यालाच संशयी ठरवणार, असं धरूनच ती बोलत होती. मलहाने भाकरी उतरवली, हात पुसले.

"आपली रोझा जन्मली तेव्हा तुझे सासरे फ्रान्सात होते. नाव तिथून आलं. तिकडची ही रोझा कोण, ते मी विचारलं नाही."

"आणि ठेवलंत?"

"ठेवलं. पोटची पोर आहे, पण हाक मारताना अजून घशात अडकतं."

बाहेर फोन वाजला. मलहा बाळाला घेऊन अंगणात गेली. सातव्या दिवशी नाव पुकारायचा मान आजीचा. ऊनिसा दाराशी उभी राहिली. सासूच्या मनात काय आहे, याचा तिला थांग लागेना.

"जेजिगा," मलहा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

ते ऊनिसाच्या गेलेल्या आईचं नाव होतं. सुनेच्या माहेरचं नाव या घरात आजवर कुणी ठेवलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दिराने फोन पुढे धरला होता.

"छान आहे," मेझियान म्हणाला.

ऊनिसा कान देऊन उभी होती. नाव का बदललं, ते त्याने विचारलंच नाही.