बिनदोऱ्याची शिलाई

मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. जुनी म्हणा, चालेल. पण भंगार म्हणाल तर याद राखा! मित्रांनो, माझं अंग बिडाचं आहे आणि आवाज अजून खणखणीत आहे.

माझे मालक शिंपीकाका. चाळीस वर्षं त्यांनी मला पायांनी पळवलं. शाळेचे गणवेश, डॉक्टरांचे कोट, सोफ्याची कव्हरं, काय काय शिवलं आम्ही! दर रविवारी काका तीन मजले चढून, आमच्याच इमारतीत राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, पत्ते खेळायला जात. ताईला जिना उतरवत नसे, म्हणून हेच वर जात.

काका सत्तरीचे झाले, तशी मुलाने मला मोटार बसवली. "बाबा, आता पायांना आराम!" प्रेमापोटीच केलं हो त्याने, पण करायला गेला एक आणि झालं भलतंच. माझा पॅडलचा पट्टा खुंटीला टांगला गेला, काकांचे पाय चालायचे थांबले आणि वर्षभरात त्यांचे गुडघे आखडले. एका रविवारी ते पहिल्याच जिन्यावरून परत आले. मग जाणंच सोडलं. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज फिरा. काका फणकारले, "उगाच फिरायला मी काय वाट चुकलोय?"

शेवटी काकूंनीच पेचकस घेतला, मोटार उतरवली आणि पट्टा चढवला.

"शिवू नका, नुसती चालवा."

"दोरा नाही, कापड नाही. लोक हसतील!"

"हसू देत. ताई विचारतात, भाऊ मला विसरला का? काय सांगू त्यांना?"

काकांनी पॅडलवर पाय ठेवले.

पहिल्या दिवशी मीही कुरकुरले, तेही कुरकुरले. काकूंनी मला तेल दिलं, त्यांना दटावलं. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. पाय मोकळे झाले तसा काकांनी जिना धरला. आधी एक मजला, मग दोन.

आणि एका रविवारी ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत! आले ते घामाघूम, पण ताठ.

"ताई आधी भांडली, मग रडली," ते काकूंना म्हणाले. "पुढच्या रविवारी लवकर बोलावलंय."

मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांची जरूर काळजी घ्या. पण त्यांचं चालणं-फिरणं, त्यांचं काम काढून घेऊ नका. आणि कुणी खुर्चीत रुतून बसलं असेल, तर उपदेश करू नका. वर कोण वाट बघतंय, तेवढं सांगा.