कोणता कागद

"आजी, पदर जरा मागं घ्या. कान दिसले पाहिजेत," नोंदणी कार्यालयातला ऑपरेटर म्हणाला.

कौशल्याबाईंनी पदर कानामागं सारला आणि समोरच्या बारक्या कॅमेऱ्याकडं पाहिलं.

"आणि हसू नका."

"हासून कोन राह्यलं बाप्पा? माहं तोंडच असं हाय."

बाकावर बसलेली माणसं हसली. साक्षीदार म्हणून आणलेले गजेंद्रचे दोघे मित्रही हसले. गजेंद्र मात्र आईच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याच्या बोटांचा दाब कौशल्याबाईंना खुर्चीतून जाणवत होता.

भातकुलीचं घर आणि बापानं दिलेलं काळं वावर, दोन्ही त्यांच्या नावावर होतं. नवऱ्याची, खुशालरावांची शेती आधीच गजेंद्रकडं गेली होती. अकोल्याला दिलेल्या लेकीनं, आरतीनं, भावाशी वाकडं नको म्हणून सही करून आपला हक्क सोडला होता. आता हे तरी आपल्या मागं दोघांत अर्धं अर्धं व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ते गजेंद्रला बोलून दाखवलं, तेव्हा त्यानं जराही वाद घातला नाही.

एक शब्द तेवढा त्या घरात कोणी उच्चारत नसे. खुशालराव खाटेवर बसून म्हणाले होते, "आता मृत्युपत्र करून टाकतो." आणि वकील घरी यायच्या आत ते गेले. शब्द तोंडातून निघाला आणि ज्यानं ऐकायचा त्यानं तो ऐकला, असं कौशल्याबाईंनी मनात धरलं. तेव्हापासून घरात नुसतं 'कागद' म्हणायचे. आरती फोनवर विचारायची, "कागदाचं काय झालं व आई?" गजेंद्र म्हणायचा, "करून टाकू ना कागद." म्हातारीला बरं वाटायचं. दोन्ही लेकरं आपलं मन राखतात, असं वाटायचं.

फोटो झाला. पलीकडच्या टेबलावरच्या निबंधक मॅडमनी खूण केली. गजेंद्रनं आईला दंडाला धरून तिथं नेलं. वाटेत तो कानाशी म्हणाला, "काई इचारलं तं फक्त हो म्हण."

मॅडम अजून पोरसवदा होत्या. त्यांनी चष्मा वर सारला आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "आजी, हे बक्षीसपत्र आहे. घर आणि शेत तुम्ही आज मुलाला देऊन टाकताय. आजपासून ते त्यांचं, तुमचं काही उरणार नाही. हे समजलंय ना?"

"आज?" कौशल्याबाई म्हणाल्या. "आज नाई व माय. माह्या मागं. अन् पोरीले बी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, वय झालं तिचं," गजेंद्र पुढं होत म्हणाला. "गोंधळून जाते. सकाळी घरी समदं समजावून सांगतलं होतं मी."

"तुम्ही थांबा. आजी, तुम्हाला मग काय करायचं होतं?"

"कागद."

"कागद पुष्कळ प्रकारचे असतात. कोणता?"

कौशल्याबाईंनी ओठ उघडले आणि मिटले. "तुमाले ठाऊक हाय कोनता ते."

"मला ठाऊक असून चालत नाही. मी बोलले तर उद्या कोणी म्हणेल, मॅडमनीच म्हातारीला पढवलं. तुमच्या तोंडून यायला हवं."

गजेंद्र आता दोन पावलं मागं सरला होता. त्यानं हाताची घडी घातली. त्याच्या आवाजात राग नव्हता. आजारी माणसाशी बोलतात तसा तो आवाज होता.

"म्हन ना आई. कोनता कागद ते सांग त्याईले. बाबानं म्हटलं होतं ना, तसं म्हन."

तेव्हा त्यांना कळलं. ह्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तो शब्द आपल्या तोंडून येणार नाही, ह्याच भरवशावर त्यानं हा दुसरा कागद लिहून आणला होता. आजवर त्यानं राखलं ते आपलं मन नव्हतंच.

त्यांनी टेबलाची कड धरली. त्यांनी आरतीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तर खाटेवरचे खुशालरावच डोळ्यांपुढं आले.

"मृत्युपत्र," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "मृत्युपत्र करायचं होतं मले."

काहीच झालं नाही. कोणीतरी खोकलं. मॅडमनी ते बक्षीसपत्र गजेंद्रच्या हातात परत दिलं. "ही नोंदणी होणार नाही," त्या म्हणाल्या. "आजी, तुम्हाला हवा तो कागद लिहून आणा. कधीही या."

बाहेर वैशाखाचं ऊन नुसतं भाजत होतं. मित्र आपल्या मोटरसायकलींवरून निघून गेले होते. गजेंद्र चिडेल, काही बोलेल म्हणून कौशल्याबाई वाट पाहत राहिल्या. त्यानं रसवंतीवरून उसाचा रस आणला, पेला पुसून त्यांच्या हातात दिला आणि त्या पिईपर्यंत आपली सावली त्यांच्यावर धरून उभा राहिला.

"बोललीस तू," तो म्हणाला. "मले वाटलं नव्हतं."

ह्याच्या शेजारी गाडीत बसून भातकुलीला जायचं, त्याच्या हातची भाकर खायची, त्याच्या भरवशावर डोळे मिटायचे. त्यांनी पेला खाली ठेवला.

"गजा, मले अकोल्याच्या बशीत बसवून दे. आरतीकडं जाऊन येते जराशी."

"जा ना," तो लगेच म्हणाला.

त्यानं गाडीची डिकी उघडली. आत त्यांची हिरवी पिशवी होती, चेन लावून नीट ठेवलेली. त्यांनी ती उघडून पाहिली. चार लुगडी, रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी, जुना चष्मा, देव्हाऱ्यातला अन्नपूर्णेचा टाक. आणि सगळ्यांत खाली, घडी घालून, लोकरीचा स्वेटर.

कौशल्याबाईंनी स्वेटरवर हात ठेवला. तो उन्हानं तापला होता.

"हे काहून टाकलं रे?"

"हिवाळ्यात लागन ना आई," गजेंद्र म्हणाला आणि पिशवीची चेन लावून घेतली.