उडवलेल्या एकोणसाठ ओळी

ताईने गोळी सुरू केली ती धाकटीच्या एका वाक्यावर. डॉक्टरांच्या नाही, नवऱ्याच्या नाही, धाकटीच्या. आणि ते वाक्य बोलताना धाकटी बसथांब्यावर उभी होती. एका हातात लॅपटॉपची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि समोरून बस येताना दिसत होती. "अगं ताई, मी स्वतः आकडे बघितलेत. डोळे झाकून घे," असं म्हणाली आणि चढली बसमध्ये. झालं. एवढंच.

धाकटी म्हणजे दोन बहिणींतली लहान, परदेशात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती शिकायला गेलेली. भाऊजी तिला टक्केवारीबाई म्हणायचे. ती कुठलीही गोष्ट हिशोबातच सांगायची, म्हणून. लहानपणी ताईने हिचे पाढे पाठ करून घेतले होते, बोटांवर मोजून मोजून. आता त्याच ताईची बोटं सहा वर्षं संधिवाताने धरली होती. सकाळी उठल्यावर अशी आखडायची की कपड्यांची बटणं भाऊजींना लावून द्यावी लागायची. भाऊजी त्यावर काहीतरी विनोद करायचे, ताई हसायची, आणि मग भाऊजी उगाच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचे.

डॉक्टरांनी नवीन गोळी सुचवली तेव्हा ताई बिचकली. "धाकटीला विचारते," म्हणाली. आणि योग बघा, त्याच सुमाराला धाकटीला प्रबंधासाठी माहितीचा एक संच निवडायचा होता. विभागाच्या यादीत त्याच गोळीचा जुना अभ्यास निघाला. चारशे बारा रुग्ण, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, महिन्याच्या महिन्याला तपासणी. धाकटीने हट्टाने तोच संच मागून घेतला. अभ्यासही होईल आणि ताईचं कामही.

माहिती हातात आली ती जशी नेहमी येते तशीच, गबाळी. एका रुग्णाची एक ओळ, पण मधेच रिकाम्या जागा. कुणाची चौथ्या महिन्याची नोंद नाही, कुणाची पाचव्याची नाही. शेवटच्या रकान्यात कारणाचा आकडा: एक म्हणजे गाव सोडलं, दोन म्हणजे नको म्हणाले, आणि नऊ म्हणजे संपर्क नाही. बहुतेक सगळीकडे नऊच नऊ. धाकटीला पसाऱ्याचा मनस्वी तिटकारा. रिकामी जागा दिसली की ती अख्खी ओळ उडवायची, अशी संगणकाला द्यायची एका ओळीची आज्ञा असते. कुणीही देतं, पहिल्याच महिन्यात शिकवतात. तिनेही दिली. चारशे बाराचे तीनशे त्रेपन्न झाले. राहिलेल्यांचा आलेख काढला तर गोळीवाल्यांची सूज निम्म्याने उतरलेली. रेघ अशी सरळ खाली आली की बघतच राहावं. तिने तो आलेख ताईला पाठवलासुद्धा.

त्याच सत्रात संशोधनपद्धतीच्या तासाला एक प्रश्न होता: रिकामी जागा दिसली की आधी काय विचाराल? धाकटीने उत्तर लिहिलं होतं, ती रिकामी का आहे ते. दहापैकी दहा गुण. सांगायचं काय, परीक्षेत लिहिलेलं घरी आणायचं असतं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

पहिला महिना सोन्याचा गेला. रविवारी फोन लागला की ताई कॅमेऱ्यासमोर मूठ वळून दाखवायची, उघडायची, पुन्हा वळायची. "बघ गं, बघ!" दुसऱ्या महिन्यात तिने स्वतःची वेणी स्वतः घातली. भाऊजी मागून ओरडले, "टक्केवारीबाई, माझी बटणांची नोकरी गेली! आता मला कामाला कोण ठेवणार?" धाकटी इतकी हसली की शेजारच्या खोलीतल्या मुलीने भिंत ठोकली. फोन ठेवल्यावर ती जरा वेळ रडलीही, आनंदाने.

तिसऱ्या महिन्यात ताई म्हणाली, "जरा थकायला होतंय गं. तोंडाला चव नाही." ऋतू बदलतोय, धाकटी म्हणाली. पुढच्या रविवारी ताई बोलताबोलता सारखी हात खाजवत होती. साबण बदल, धाकटी म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारी ताईचा चेहरा पडद्यावर कसातरी, पिवळट दिसला.

"ताई, तू पिवळी दिसतेयस."

"नवा दिवा आणलाय भाऊजींनी तुझ्या," ताई म्हणाली. मागून भाऊजी म्हणाले, "अंधारात दिसत नाही म्हणून कुरकुर, दिवा आणला तर पिवळा म्हणून कुरकुर. बहिणी बहिणी सारख्याच." सगळे हसले. त्यानंतर ताईने कॅमेरा लावणं बंद केलं. अवतार आहे गं माझा, म्हणायची, नुसतं बोलूया.

चौथ्या महिन्यात धाकटीने प्रबंधाचा कच्चा मसुदा दिला. तिच्या मार्गदर्शक पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. तिथे सगळे त्यांना सरळ नावाने हाक मारत. धाकटीच्या जिभेवर ते काही चढेना, म्हणून ती हाकच न मारता एकदम मुद्द्याला हात घालायची. दोन दिवसांनी मसुदा परत आला. आलेखाशेजारी पेन्सिलने बारीक अक्षरात एवढंच लिहिलं होतं: या एकोणसाठ जणांचं काय झालं?

धाकटीला राग आला. इतकं सुबक काम, आणि बाईंना दिसलं काय, तर नसलेली माणसं! ती तणतणत त्यांच्या खोलीत गेली.

"ते लोक आलेच नाहीत तपासणीला. त्यांची माहितीच नाही. मग धरणार कसं?"

"सगळे सारखेच गळाले का?" बाईंनी विचारलं. "दोन्ही गटांतून?"

"म्हणजे?"

"मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. चारशे बारा माणसांचं सगळं मोजणाऱ्या धाकटीने हे मोजलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माणूस दोन कारणांनी यायचा थांबतो," त्या म्हणाल्या. "अगदी बरा झाला तर, किंवा येववतच नाही म्हणून. आकड्यात दोघंही नऊच. तळघरात मूळ कागद आहेत. जाऊन बघ."

धाकटी खाली गेली नाही. आधी वाचनालयात बसली आणि उडवलेल्या ओळी परत आणल्या. एकोणसाठांपैकी खोट्या गोळीवाले नऊ. खऱ्या गोळीवाले पन्नास. तिने पुन्हा मोजलं, मग बोट ठेवून ठेवून मोजलं, ताईने पाढे शिकवताना मोजायला लावलं होतं तसं. पन्नासच. आणि त्या पन्नासांपैकी चव्वेचाळीस जणांची पहिली रिकामी जागा चौथ्या महिन्यात.

ताईचा चौथा महिना चालू होता.

ती धावतच जिना उतरली. तळघरातल्या खोलीत कपाटांच्या रांगा होत्या आणि नोंदी सांभाळणाऱ्या बाई टेबलाशी बसून सफरचंद कापत होत्या. धाकटीने परवानगीचा कागद दाखवला. बाईंनी एक पुठ्ठ्याचं खोकं काढून दिलं.

"नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत," त्या म्हणाल्या. "जे आले नाहीत त्यांना परिचारिका फोन करायची. ती उत्तरं आहेत ही."

"उत्तरं? पण माहितीत तर काहीच नव्हतं!"

"रकान्यात एका आकड्यापुरतीच जागा होती. गाव सोडलं नाही, नकोही म्हटलं नाही, मग नऊ लिहा म्हणून सांगितलं होतं. तिने चिठ्ठ्या तरी ठेवल्या." बाईंनी सफरचंदाची फोड पुढे केली. धाकटीला ती दिसलीही नाही.

चिठ्ठ्या हातभर होत्या, एकाच वळणाच्या अक्षरातल्या. पहिली: थकवा म्हणून आल्या नाहीत. दुसरी: जेवण जात नाही, पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. तिसरी: अंगाला फार खाज, रात्रभर झोप नाही. चौथी: नवऱ्याने फोन घेतला, झोपल्या आहेत म्हणाला. पाचवी: पुन्हा नवऱ्यानेच घेतला. सहावी: डोळे पिवळे, दुसऱ्या रुग्णालयात हलवलं, यकृत. सातवी: फोन कुणी उचलत नाही. आठवी: फोन कुणी उचलत नाही. धाकटी पुढे वाचेना. हातातल्या चिठ्ठ्या तिने तशाच टेबलावर ठेवल्या आणि जिन्याकडे पळाली. तळघरात फोनला रेंज नव्हती.

जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तिने फोन लावला. तिच्याकडे सकाळचे दहा वाजले होते, तिकडे दुपार. घंटा वाजत राहिली. सहा, सात, आठ. नवव्या घंटेला फोन उचलला.

"बोला टक्केवारीबाई! आज रविवार कुठाय?"

"भाऊजी, ताईला द्या."

"झोपलीय गं. हल्ली झोपूनच असते दुपारची."

धाकटीला ती चौथी चिठ्ठी आठवली. अक्षर आठवलं. "उठवा तिला."

"अगं, आग लागलीय का कुठे?"

"भाऊजी, तुमच्या पाया पडते, उठवा तिला!"

सपाता फरफटल्याचा आवाज, दाराची कडी, मग हळू बोलणं. बऱ्याच वेळाने ताईचा आवाज आला, दुसऱ्याच कुणाचा असावा असा. "हं. बोल गं राणी."

"गोळी घेतलीस आज?"

"घेतली की. एकही चुकवली नाही बघ मी." ताईच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. "परवा मळमळलं तर उलटी झाल्यावर पुन्हा घेतली. म्हटलं, धाकटीने आकडे बघितलेत. डोळे झाकून घे म्हणाली होतीस ना?"

"आणि तपासणी? दर महिन्याला रक्त द्यायचं होतं ना?"

"ते दोनदा राहिलं. जिना उतरवत नाही गं मला. आधी त्यांचा फोन यायचा दवाखान्यातून, का आला नाहीत म्हणून. आता तोही नाही येत. काढलं असेल यादीतून."

"मग गोळ्या कुठून आणता?"

"जुन्या चिठ्ठीवर देतो की औषधवाला," भाऊजी मधेच म्हणाले. "ओळखीचा आहे. का गं? काय झालंय?"

"भाऊजी, कॅमेरा लावा."

"नको गं," ताई म्हणाली. "अवतार..."

"लावा कॅमेरा! आणि तो दिवा घालवा. पडदा उघडा, पूर्ण उघडा."

"तिला उजेडाचा त्रास होतो, म्हणून तर बंद..."

"उघडा भाऊजी!"

एवढ्या वर्षांत धाकटी भाऊजींवर कधी ओरडली नव्हती. पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. फोनच्या पडद्यावर आधी छत दिसलं, मग भिंतीवरचं घड्याळ, मग उशी, मग ताई. भर दुपारचं लख्ख ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. गालाची हाडं वर आली होती, आणि हातावर खाजवून खाजवून पडलेले ओरखडे होते. उन्हाने ताईने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"ताई, डोळे उघड."

"थांब गं, झोंबतंय."

"एकदाच. माझ्यासाठी. डोळे उघड ताई."

ताईने उघडले.

दिवा बंद होता. भाऊजींनी तरीही एकदा दिव्याचं बटण बघून घेतलं.

"भाऊजी, गाडी काढा," धाकटी म्हणाली. "दवाखान्यात नाही, मोठ्या रुग्णालयात. आत्ताच्या आत्ता. गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या. गोळी बंद, आजपासून बंद."

भाऊजींनी फोन उशीला टेकवून ठेवला आणि ते पळाले. किल्ल्यांचा आवाज आला, काहीतरी पडल्याचा आला. ताई एकटीच पडद्यावर राहिली, धाकटीकडे बघत. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते आणि त्यांत जराही राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"अगं, पण असं कसं?" ताई म्हणाली. "तू सगळ्यांचे आकडे बघितले होतेस ना?"