खुर्ची झालेला सावळ्या

रविवार, सकाळचे अकरा. साल १९७४. भिवंडीत खाडीजवळच्या एका जुन्या, नावाजलेल्या बंगल्यात आधुनिक शिल्पांचं आणि कलात्मक फर्निचरचं प्रदर्शन भरलं होतं. एक गृहस्थ तिथल्या एका खुर्चीत बसून, माझ्यावर रेलून बिस्किट खात होते.

बोलतोय तो मी, त्या खुर्चीची पाठ. त्याआधी मी सागाचा चिरा होतो. आमच्या डोंगराकडच्या पाड्यात माणूस गेला की त्याच्या नावाने फळी कोरून शिवारात उभी करतात, तिला चिरा म्हणतात. मला धाकल्याने कोरलं, त्याच्या बापासाठी, सावळ्यासाठी. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला सावळ्या. हयातीत तो कधी घोड्यावर बसला नव्हता, पण मेल्यावर एवढा मान सगळ्यांनाच मिळतो. दिवाळीला सावळ्याची लेक ठकी माझ्यापुढे भात ठेवायची, दारूचे थेंब शिंपडायची आणि वर्षभराची भांडणं सांगायची.

मग एकदा ट्रक आला. गोदामासाठी जमीन साफ करायची होती. मजुरांनी मला पहारीने उपटून लाकडाच्या वखारीत टाकलं. तिथून मुंबईचे शिल्पकार दिवाकरराव मला जुनं सागवान म्हणून घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. घोड्यावरून हात फिरवताना त्यांचा आवाज खाली यायचा. पण जमिनीत पुरलेला माझा बुंधा त्यांना किडका वाटला. तो त्यांनी कापला आणि मला खुर्चीला जोडलं. शेजारी पाटी लावली : 'बसून अनुभवा.' हा कोणाचा कोण, हे एकाही शिकलेल्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही.

ठकी त्या बंगल्यात पाणी भरायला होती. हंडा खाली ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली. रखवालदार काळूराम म्हणाला, "काय गं, तुला पन खुर्ची पायजे?"

त्याच्याकडे न बघता ती पाहुण्याला म्हणाली, "उठा तुमी. माजा बापूस हाय तो."

पाहुणा हसला, मग तिचा चेहरा बघून उठला. दिवाकररावांनी हळूच विचारलं, कशावरून?

"घोड्याला तीनच पाय हायेत. चौथा धाकल्याला जमला न्हाय."

त्या तीन पायांचं सकाळपासून मोठं कौतुक चाललं होतं. दिवाकररावांनी स्वतः स्क्रू काढले आणि मला तिच्या हातात दिलं.

ठकीने मला जमिनीवर टेकवलं आणि खाली पाहिलं. "याचे पाय कुठं?"

"किडलेले होते, बाई. जाळले."

"मंग आता उभा कसा ऱ्हाईल?"



आता मी ठकीच्या अंगणात आहे. शिवारात गोदामाची भिंत उठलीय. दिवाळीला ठकीने भोवती दगड रचून मला कसंबसं उभं केलं, भात ठेवला. वाऱ्याने मी कलतो, ती पुन्हा सरळ करते. वाचणाऱ्यांनो, जुन्या कोरीव लाकडावर बसण्याआधी एकदा त्याचं नाव विचारा.

त्या शिवारात मी एकटा नव्हतो. माझ्या शेजारी आणखी सहा चिरे होते. उपटायचा हुकूम कोणाचा होता आणि ते सहा जण कुठे आहेत, हे गोदामवाल्यांनी सांगितलेलं नाही, वखारवाल्यांनीही नाही.